थांब्यावरची मारबत

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं. हसू येतं ते माझंच. मग चहाचा कप खाली ठेवेपर्यंत हातावर काटा आलेला असतो, आणि तो कोणामुळे येतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही मला खात्रीनं सांगता येत नाही.

तेव्हा मी नुकतीच ठाणेदार झाले होते. भंडारा जिल्ह्यातलं, हमरस्त्यालगतचं ठाणं. आता नात मला "आजी, तू चालताना डुलतेस" म्हणते. तेव्हा मी चालत नव्हते, संचलन करत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत वेताची छडी. आभाळ भरून आलं तरी चष्मा उतरायचा नाही. आमचे जमादार, वयानं मोठे, याच भागात जन्म काढलेले. त्यांनी एकदा आदबीनं विचारलं, "मॅडम, त्याच्यातून दिसते का जी तुमाले?"

"मला सगळं दिसतं, जमादार," असं म्हणून मी वळले आणि ठाण्याच्या पायरीला अडखळले.

मी मूळची कोंढ्याकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. पण बोलताना एकही 'मले-तुले' तोंडातून पडू देत नसे. भूतखेत, देवदेवस्की असलं काही कोणी समोर बोललं की मी असं हसायचे, की समोरच्याला आपण अडाणी आहोत असं वाटावं. अशी ती बाई. तिला मी ओळखते, म्हणून सांगते.

आमच्या हद्दीत हमरस्त्याला लागून एक गाव होतं. गावाच्या अंगाला मोठा तलाव, पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मग रस्ता. रस्ता लहान होता तेव्हा गावाच्या तोंडाशीच थांबा होता. बायका घरातून निघत, रस्ता ओलांडत आणि जवाहरनगरकडे जाणारी एसटी धरत. तिथल्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये त्यांची धुणीभांड्याची घरं होती. मग रस्ता चारपदरी झाला. मधे दुभाजक आला. जुना थांबा पाडला गेला, बस मात्र पलीकडे तिथंच थांबे. रस्ता ओलांडायची अधिकृत जागा पुढच्या धाब्यापाशी गेली, म्हणजे जाऊन-येऊन इतकं चालणं की बस हमखास चुकावी, आणि बस चुकली की घर सुटावं. बायका आपल्या जुन्याच जागेवरून ओलांडत राहिल्या. दोन पदर धावत पार करायचे, दुभाजकावर चढायचं, पदर सावरायचा, पुन्हा दोन पदर. फॅक्टरीच्या बसगाड्या त्यांच्या अंगावरून वारा सोडत निघून जात. खिडक्यांना टेकलेली झोपाळू डोकी दिसत.

आदल्या थंडीत तिथं एका घरची थोरली सून गेली. वाहन थांबलं नाही. गुन्हा 'अज्ञात वाहन' म्हणून नोंदला होता आणि मी येण्याआधीच त्याची 'अ' समरी झाली होती. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, कागद बंद. गावानं गतिरोधक मागितला. अशा रस्त्यावर गतिरोधक बसत नाही, असं उत्तर आलं. त्या सुनेला तिच्या बचत गटाच्या हिरव्या, लाल काठाच्या साडीतच अग्नी दिला होता. तिची घरं तिच्या धाकट्या जावेनं धरली. तीही रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी ओलांडू लागली. घरात उरल्या होत्या सासू आणि ही एक सून.

दिवाळी झाली. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता आणि तलावावरून सकाळी धुकं उतरायला लागलं होतं. इकडे त्याला धुवारी म्हणतात. एका सकाळी एक ट्रक रस्ता सोडून बांधीत उतरला. चालक परप्रांतातला. हात मोडला होता. दवाखान्यात मी त्याचा जबाब घेतला.

"औरत खड़ी थी, मैडम. हरी साड़ी, लाल किनार. हाथ नहीं दिखाया, कुछ नहीं. बस खड़ी थी."

"कुठं उभी होती?"

"वहीं, रोड के किनारे. पैर धुंद में थे, दिखे नहीं. मैंने ब्रेक मारा तब देखा, उसके पीछे से और औरतें रोड पार कर रही थीं. नहीं रुकता तो..."

हे शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं, पण ऐकलं नाही. मी 'झोपेची डुलकी' असं मनात ठरवून मोकळी झाले होते. जागेवर जाऊन पाहिलं. ओलं गवत, चाकांच्या खुणा, बाकी काही नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळच्या गस्तीवरच्या शिपायाचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "मॅडम, जुन्या थांब्यापाशी एक बाई उभी हाय. हाक मारली तं बोलत नाही."

"मग जवळ जाऊन विचार."

"नाही जी," तो म्हणाला. नोकरीत मला इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कोणी दिलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. बाई रस्त्याच्या कडेला, गाड्यांकडे तोंड करून उभी होती. वारा होता; बांधीतलं गवत हलत होतं; तिचा पदर हलत नव्हता. जवळ गेल्यावर कळलं. पळसाच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं अंग, गाडग्याचं तोंड. तोंडाला हळद फासलेली आणि काजळाचे दोन मोठे डोळे. हिरवी साडी, लाल काठ. निऱ्या अशा नीट घातल्या होत्या, जशा जिवंत बाईला साडी नेसवताना घालाव्यात.

जमादार बरेच अलीकडे थांबले होते. "मॅडम, हे तं मारबत हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात. घरातली रोगराई, भांडण, इडापिडा सगळी तिच्यावर लादायची, 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत तिला गावाच्या शिवेबाहेर न्यायचं आणि तिथं जाळायचं. दोन गोष्टी पाळायच्या. सोडलेली मारबत परत आणायची नाही. आणि येताना मागं वळून बघायचं नाही. लहानपणी माझी आई माझी मानच हातात धरून ठेवायची, मी खोडकर म्हणून.

"कोणाचा तरी चावटपणा आहे," मी म्हणाले. "पंचनामा करा आणि जप्त करा."

पंचनामा झाला. पण तिला जीपमध्ये बसवायला एकही शिपाई तयार होईना. एक म्हणाला, मी पायी येतो. दुसरा म्हणाला, मीही.

"मग जाळा इथंच."

जमादार पुढं आले. "इथं नाही जी. शिवेच्या पार जाळावं लागते. हा रस्ता म्हणजेच शीव हाय. इथं जाळली तं तिनं जावं कुठं? ना तिकडची, ना इकडची. परत येते मंग."

मी चष्मा सारखा केला आणि काडी स्वतः ओढली. तणस भडकलं, हळद जळाल्याचा वास गणवेशात शिरला. दोनदा धुऊनही तो गेला नाही.

दोन दिवसांनी ती परत आली. तीच जागा, तेच डोळे, तीच साडी. साडी सारखी नव्हती, तीच होती. मी काठ निरखून पाहिला. जाळली. ती पुन्हा आली. पुन्हा जाळली. रस्त्यावर बातमी पसरली. ट्रकवाले त्या टापूत शिरण्याआधीच गाडी सावकाश करू लागले, कपाळाला हात लावू लागले. काही जण नारळ ठेवून जायला लागले. ठाण्यात सकाळच्या ड्युटीसाठी माणूस मिळेना. एका शिपायाच्या सासूचं एकाच आठवड्यात दोनदा निधन झालं.

रस्त्याची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर ठाण्यात येऊन बसला. "मॅडम, सकाळी गाड्यांची रांग लागते. वरून विचारणा होते. सार्वजनिक रस्त्यात अडथळा, चालकाला दुखापत. गुन्हा दाखल करा, माणूस अटक करा." माझ्याही वरून विचारणा होऊ लागली होती. प्रश्न बिनचूक होता: नवीन बाई ठाणेदाराला एक बाहुली पकडता येत नाही का?

खबर मिळाली ती एका पानठेलेवाल्याकडून. थांबा गेला तसं त्याचं गिऱ्हाईक गेलं होतं, त्यामुळे त्याला बोलायला वेळ होता. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता तो म्हणाला, "मॅडम, तलावाच्या पाळीवरचा पळस कोणीतरी तोडून राहिलं. भुताले पळस कायले लागते?"

तलावाच्या बांधावरचा पळस तोडला होता खरा, कोयत्यानं, सफाईनं. चौकशीसाठी मी ग्रामपंचायतीत गेले. भिंतीवर बचत गटाचा एक फोटो होता, कसल्याशा मेळाव्यातला. ओळीनं बायका उभ्या. सगळ्यांच्या अंगावर हिरवी साडी, लाल काठ.

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले. ग्रामसेवक दचकले. एकाच ताग्यातल्या साड्या. एक जळाली की दुसरी नेसवायची. भुताचा हिशेब लागला. हसता हसता माझी नजर मधल्या उंच बाईवर गेली. तीच ती थोरली सून, हे ग्रामसेवकांनी सांगितलं. फोटोत बाकीच्या लाजून खाली बघत होत्या. ती सरळ समोर बघत होती.

गटातल्या बायकांना चौकशीला बोलावलं. त्या काळात माझी एक पद्धत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. समोरच्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि काही न बोलता त्याच्याकडे बघत राहायचं. शांतता सहन न होऊन माणूस बोलतो. पहिली बाई या शांततेत झोपी गेली. चार घरची भांडी घासून आलेली बाई, तिला बसायला खुर्ची आणि वर पंखा मिळाला होता.

दुसरीला मी सरळ विचारलं, "गटाची हिरवी साडी कुठे आहे?"

"थे तं बकरीनं खाल्ली जी."

"अख्खी साडी?"

"लय भुकेली होती."

तिसरीची साडी वैनगंगेत वाहून गेली होती. चौथीनं लेकीला दिली होती आणि लेक गुजरातेत होती. पाचवीनं आधीच्या बाईचं ऐकून तिचीही बकरीनं खाल्ली असं सांगितलं. मी म्हटलं, तुझ्याकडे बकरी नाही. ती म्हणाली, तिचीच बकरी, शेजारी तं हावो आमी.

शेवटी सासू आली. काटकुळी, ताठ, कपाळावर गोंदण. खुर्ची बाजूला सारून ती जमिनीवर बसली आणि पाय लांब केले.

"चाय पाजशील का वो? मंग इचार."

चहा आला. तिनं बशीत ओतून सावकाश घेतला. मग मलाच विचारलं, "तू कोणत्या गावची?"

"इथे प्रश्न मी विचारते."

"इचार ना. मी कुठं नाही म्हटलं. पर गाव तं सांग."

"कोंढ्याकडची," माझ्या तोंडून गेलं.

तिनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "मंग तं तू बी लहानपणी मारबत नेली असशीन."

मी गप्प. माझीच शांततेची पद्धत माझ्यावर चालली होती.

"गावची मारबत दरसाल कोण बनवतं?" मी विचारलं.

"मीच बनवतो. माह्या सासूपासून हातात हाय."

"मग ही कोणी बनवली?"

"आता मारबतीले कोण बनवते, बाई," ती म्हणाली. "जिले यायचं असते थे येते."

ते तिनं असं सांगितलं, जसं कोणी पाहुण्यांबद्दल सांगावं. खोलीत दुपारचा उकाडा असूनही जमादारांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

कबुली नाही, तर रंगेहाथ पकडायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळेला मी आणि जमादार जुन्या थांब्यापासून थोड्या अंतरावर जीप लावून बसलो. धुकं असं होतं की जीपच्या नाकापुढे जग संपलं होतं. रस्ता दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. लांबून एखादी गाडी गुरगुरत यायची, अंगावर आल्यासारखी मोठी व्हायची आणि निघून जायची. मधल्या वेळात तलावाकडून एकच पक्षी ओरडायचा, थांबायचा, जणू उत्तराची वाट बघायचा.

आम्ही कोणाला येताना पाहिलं नाही. पाऊल वाजलं नाही. धुक्याचा एक पडदा सरकला आणि ती उभी होती.

"जमादार, चला."

"तुमी व्हा पुढं, मॅडम. मी जीपकडं लक्ष ठेवतो." जीप कोण चोरणार होतं, देव जाणे.

मी एकटीच निघाले. काळा चष्मा त्याही सकाळी डोळ्यांवर होता, आता सांगायला लाज वाटते. ओल्या गवतातून माझ्याच बुटांचा आवाज मला मागून आल्यासारखा वाटत होता. ती हलली नाही. हळदीचं तोंड, काजळाचे डोळे. मी छडीचं टोक पदराला लावलं. तणस कुसकरल्याचा आवाज आला नाही. मग मी तिचा हात धरला.

हात गरम होता.

मारबतीनं डोळे माझ्याकडे वळवले. आणि महाराष्ट्र पोलिसांची ती करारी ठाणेदार, जी भूतखेत मानत नव्हती, ती कोंढ्याच्या पोरीच्या आवाजात जीव खाऊन ओरडली, "घेऊन जा गे मारबत!"

"चूप वो," मारबत ओठ न हलवता म्हणाली. "गाडी येऊन राहिली. हालू नको."

सासूच होती ती.

मी हलले नाही. तिचा हात मी अजून धरलेलाच होता. धुक्यात दोन पिवळे डाग उमटले, मोठे झाले. मग गिअर पडल्याचा आवाज आला, ब्रेकचा लांब सुस्कारा, आणि ट्रक आमच्या अलीकडे जवळजवळ थांबला. काचेमागे चालकाचा हात कपाळाकडे गेलेला दिसला. त्याच वेळी आमच्या पाठीमागून चपला वाजू लागल्या. डबे एकमेकांवर आपटत होते. कोणी बोलत नव्हतं. एकेक सावली आमच्यामागून निघून ट्रकच्या उजेडात शिरत होती आणि दुभाजकाकडे जात होती. कोणाचा तरी पदर माझ्या दंडाला घासून गेला. कोणीतरी जाता जाता खांद्याला हात लावला, ओलसर आणि थंड.

पलीकडे बस थांबल्याचं ऐकू आलं. घंटी वाजली. बस गेली. ट्रक सावकाश निघाला. म्हातारीनं श्वास सोडला आणि पदरानं तोंडावरची हळद पुसली.

"पळस सरला," ती म्हणाली. "साड्या बी सरल्या. तू जाळून जाळून सारा गट उघडा केला, बाई. आता हे माही सोताची."

आम्ही तिला पानठेल्याच्या बाकावर बसवलं. जमादार आता जवळ आले होते. मी चष्मा काढला.

"आजी, कायदा आहे," मी म्हणाले. "गाडी अंगावर आली असती तर? आणि तो आधीचा ट्रकवाला, त्याचा हात मोडला. तेव्हाही तुम्हीच मारबत ठेवली होती ना?"

"तवा? नाही वो." तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तवा कायले ठेवीन? त्याच्याआधी मी काहीच नवतं केलं."

"मग त्यानं पाहिली ती?"

म्हातारीनं पदरावरची हळद झटकली. धुक्यातून एक मोटारसायकल गेली.

"थ्यानं पाह्यली म्हून तं गावात बोलणं झालं," ती म्हणाली. "हिरवी साडी, लाल काठ. उंच. हात करत नाही, नुसती उभी राहते. मले समजलं. माही थोरली हाय थे. धाकटीले पार करून देऊन राहिली. जावा होत्या, पर बहिणीवानी होत्या. मंग मी मनात म्हटलं, तिले एकटीले किती दिवस उभी ठेवू? थंडीचे दिवस हायेत."

जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा 'मले-तुले'त बोलले. काय बोलले ते मात्र मी इथं लिहिणार नाही.

ठाण्यात परतल्यावर मी ट्रकचालकाचा जबाब काढला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं, जे मी लिहून घेतलं होतं. ब्रेक लावला तेव्हा पाहिलं, तिच्यामागून बाया रस्ता ओलांडत होत्या. त्या सकाळी बाया किती गेल्या असत्या, त्यात धाकटी असती का, हे कोणत्याही कलमात बसत नव्हतं.

सुपरवायझर पुन्हा आला. "अटक झाली का?"

"फिर्यादी ट्रकचालक हिरव्या साडीतल्या उंच बाईचं वर्णन देतो," मी म्हणाले. "त्या वर्णनाची बाई मयत आहे. मयताला अटक करायची तरतूद मला सापडली नाही. तुम्हाला सापडली तर कळवा."

तो गेला. पण म्हातारीला मी पुन्हा तिथं उभी राहू देऊ शकत नव्हते, आणि तिला अडवलं तर धाकटीला तसंच ओलांडू देणंही शक्य नव्हतं. मग मला ठाणेदाराच्या हातात असलेली एकच गोष्ट आठवली. त्या जागेवर मी रोज सकाळी नाकाबंदी लावली. लोखंडी बॅरिकेड, लाल दिवा, दोन माणसं. कागदोपत्री वेग आणि परवाने तपासणे. गाड्या थांबत, बाया ओलांडत, बस मिळे. माणसं कमी पडली तेव्हा मी स्वतः उभी राहिले. थंडी वाढली तशी माणसं नेहमीच कमी पडायला लागली.

रस्ता सुरक्षेच्या बैठकीत मी हा विषय मांडला. एक अभियंता साहेब म्हणाले, ओलांडायची जागा दिलेली आहे, लोकांना शिस्त नाही. मी म्हटलं, मोटारवाल्याला तुम्ही चार पदर दिले, नोकरदाराला त्याची बस दारात येते; या बायांना काय दिलं ते एकदा बघून जा. साहेब आले, हे मात्र मी मानते. एका सकाळी ते बायांच्या ओळीत उभे राहिले. बाया गेल्या. साहेब अलीकडेच राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे गाडीतून असं दिसत नाही." त्यानंतरही वर्षाच्या वर लागलं, पण रस्त्यावर खडखडणारे पट्टे आले, दिवे आले, दुभाजकात मोकळी जागा आली आणि दोन्ही बाजूंना छत असलेला थांबा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारीनं मारबत काढली आणि रस्त्याच्या पार नेऊन, रीतसर, जाळली. मी काडी दिली. येताना मागं वळून पाहिलं नाही.

त्या नाकाबंदीच्या दिवसांतली एक गोष्ट जमादारांनी मला त्यांच्या सेवानिवृत्तीच्या निरोपाला सांगितली, आधी सांगायची हिंमत नव्हती म्हणे. पुढच्या धाब्यावर ट्रकवाल्यांत बोललं जाई की तिथली मारबत अजून गेलेली नाही. धुक्यात उभी असते, हलत नाही, बोलत नाही. फक्त आता तिनं खाकी घातली आहे आणि भर धुक्यात काळा चष्मा लावते.

नोकरीत मला पदक मिळालं नाही. हे मिळालं.

तरुण अधिकारी कधी भेटायला येतात, विचारतात, मॅडम, काय शिकलात. मी त्यांना सांगते, जबाबातलं जे वाक्य आपल्या कामाचं वाटत नाही ते घरी जाऊन पुन्हा वाचा. आणि कोणी नियम मोडताना दिसला, तर तो कोणाला वाचवायला मोडतोय, हे आधी विचारा. कलम नंतर शोधता येतं. ते मान डोलावतात. मारबतीचं विचारत नाहीत. मीही सांगत नाही. थोरली तिथं उभी होती का, यावर माझं मत काय, असं नात विचारते. मी तिला म्हणते, माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी कोणाचं अस्तित्व नाकारत नाही.

आता जीप नाही, शिपाई नाहीत. म्हातारी गेली. धाकटी आता जवाहरनगरात एका शाळेत कामाला जाते, पण राहते गावातच, तिच्याकडे मी अधूनमधून मुक्कामाला जाते आणि सकाळी त्याच थांब्यावर बसची वाट बघते. थंडीत धुकं असतंच. माझी बदली झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी गटाच्या बायांनी मला एक हिरवी साडी दिली होती, लाल काठाची. बकरीच्या पोटातून काढली म्हणाल्या. ती नेसून मी छताखाली न थांबता मुद्दाम पुढं, कडेला उभी राहते. हात करत नाही. अजिबात हलत नाही. एवढी मजा या वयात हवीच. चालक लांबूनच वेग कमी करतो आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघतो.

मग बस थांबते. कंडक्टर दार उघडतो आणि रोज सगळ्यांना विचारतो तसंच विचारतो, "या आजी. मागं अजून कोणी हाय का?"

मी मागं वळून बघत नाही.

"असन तं थांब जरासा," मी म्हणते.

आणि तो थांबतो.